ओळ क्रमांक एक्केचाळीस

सुभाष खैरनारबद्दल कुवेतमधल्या फहाहीलच्या मराठी मंडळींत ज्या गोष्टी सांगितल्या जात, त्यांतल्या निम्म्या खोट्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या त्याहून वाईट, म्हणजे खऱ्या होत्या. तो रोज बारा मिनिटं दात घासतो आणि तेराव्या मिनिटाला भिंतीवरचं घड्याळ त्याच्याकडे बघून आपली वेळ नीट करून घेतं, ही खोटी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यानं चकल्यांचा तक्ता केला होता, कुठला घाणा किती वाजता कढईत पडायचा याचा, ही खरी. उल्कानं तो तक्ता चकल्यांखाली तेल टिपायला अंथरला, हीसुद्धा खरी.

मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत तो सव्वीस वर्षं शटडाऊन प्लॅनर होता. कारखान्याचा एखादा भाग बंद करायचा, उघडायचा, साफ करायचा आणि ठरल्या दिवशी पुन्हा चालू करायचा, तर कुठला नट कुणी किती वाजता सोडायचा हे आधी वर्षभर बसून ठरवणारा माणूस म्हणजे प्लॅनर. एकदा म्हणे त्याच्या आखणीमुळे चाळीस दिवसांचं काम एकोणचाळीस दिवसांत उरकलं आणि उरलेला दिवस कुणी वापरायचा यावरून तीन मॅनेजरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. सुभाषला विचारलं तर तो एवढंच म्हणे, "साडेअडतीस."

अशा माणसानं जुलैतल्या एका शुक्रवारी, मंडळाच्या जेवणात, भाताचा घास तोंडात असताना जाहीर केलं, "सप्टेंबरात आम्ही कॅरिबियनला चाललोय. सेंट व्हिन्सेंट बेटावर. फिरायला."

बाहेर उन्हाचा असा तडाखा होता की कबुतरंसुद्धा रस्ता चालत ओलांडत होती, तीही उभ्या गाड्यांच्या सावलीसावलीनं. आत एसी घरघरत होता. वाढणाऱ्याचा डाव हवेत थांबला.

"एवढ्या लांब?" कुणीतरी विचारलं.

"स्वस्तात मिळतंय," सुभाष म्हणाला.

सगळ्यांनी आपापल्या पानात बघितलं. कारण त्या बेटावर कोण राहतं हे फहाहीलमध्ये कोपऱ्यावरच्या बकालावाल्याला, म्हणजे वाण्यालाही ठाऊक होतं. तिथं सुभाषची मुलगी राहत होती, ज्ञानदा, आणि तिच्याशी तो आठ वर्षांत एक शब्द बोलला नव्हता.

बेटावर तिला पाठवलं त्यानंच. बारावीला मेडिकलसाठी तिचे मार्क थोडक्यात कमी पडले, आपल्याकडच्या खाजगी कॉलेजांच्या फीचे आकडे ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले. मग कुणीतरी सांगितलं की कॅरिबियन बेटांवर डॉक्टरकीची कॉलेजं आहेत, परवडतात. त्यानं तिच्या पाच वर्षांचा तक्ता केला आणि तिला विमानात बसवलं. तक्त्यात सगळं होतं. डेझमंड नव्हता. डेझमंड तिथल्या शाळेत गणित शिकवायचा, उंच, काळाभोर, हसरा. शिक्षण संपल्यावर ज्ञानदानं फोन करून सांगितलं, बाबा, मी याच्याशी लग्न करतेय, तुम्ही दोघं या. सुभाषनं फोन उल्काच्या हातात दिला आणि म्हणाला, "माझ्याकडून हा विषय बंद." एवढंच वाक्य. पण स्पीकर चालू होता.

पुढं उल्का रोज फोन करायची, स्वयंपाकघरातून. त्याच वेळी सुभाषला नेमकं दुसऱ्या खोलीत काही काम निघायचं. पाच वर्षांपूर्वी नात झाली, अंतरा. दहा महिन्यांची असताना, एकवीस सालच्या एप्रिलमध्ये, त्या बेटावरचा ज्वालामुखी फुटला. दिवसा काळोख झाला, गच्च्यांवर राख साचली, नळाचं पाणी गेलं. सुभाषनं त्या दिवसांत ऑफिसात जे काम केलं त्यात त्याच्या सबंध नोकरीतल्या चुकांपेक्षा जास्त चुका निघाल्या, असं हाताखालची माणसं सांगत. कंप्युटरवर राखेचा नकाशा उघडून तो बसायचा, वारा कुठल्या दिशेला आहे ते बघत. फोन मात्र त्यानं केला नाही.

आता येत्या मार्चमध्ये त्याची साठी होती. नोकरी संपणार, बाडबिस्तरा गुंडाळून नाशिकला जायचं. आणि मे महिन्यात कधीतरी उल्काचा फोन टेबलावर उघडा राहिला होता. त्यात अंतराचा फोटो होता. पोरीनं शंख उंचीप्रमाणे ओळीनं मांडले होते आणि शेवटच्या शंखाकडे ती कपाळाला आठी घालून बघत होती, कारण तो ओळीत बसत नव्हता. सुभाषनं तो फोटो पाहिला. चष्मा पुसला. परत पाहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बदरुद्दीनच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

बदरुद्दीन मूळचा रत्नागिरीकडचा. फहाहीलच्या बाजारात तीस वर्षं तिकिटं विकत होता. स्वतः रत्नागिरी आणि कुवेत यांपलीकडे कुठंही गेला नव्हता; पण दुनियेतलं प्रत्येक गाव असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याची तिथं आंब्याची बाग आहे.

"सेंट व्हिन्सेंट? अहो खैरनारसाहेब, आपला कोकणच हाय तो. निरफणस भाजून खातात, वर मासा. समुद्राची वाळू काळी कुळकुळीत, ज्वालामुखीची. पाय ठेवलात की चटका. पांढरी वाळू पायजे तर होडीत बसून पलीकडच्या छोट्या बेटांवर जायचा. एका बाजूला तर उन्हाळ्यात समुद्रातनं असला शेवाळ येतो, असला शेवाळ, की म्हशीला चरायला सोडावा."

"व्हिसा?"

"तिथला नाय लागत. पण वाटेत लंडन लागतो, त्याचा कागद करायला लागंल. मग बार्बाडोस, मग चिमणीएवढा इमान. त्यात तुमचा वजनपण विचारतात."

"खर्च?"

"खायचं स्वस्त नाय, सगळा बोटीनं येतो. पण गेस्ट हाउसात चूल असते, वहिनी भात लावतील. फिरायला टॅक्सी नको, व्हॅन घ्यायची, आपल्या वडापसारखी, आत गाणी अशी लावतात की कानातला मळ आपोआप बाहेर. आता महिना सांगा. डिसेंबर फस्क्लास."

"सर्वांत स्वस्त कधी?"

"सप्टेंबर. निम्म्यात पडंल."

"का?"

"वादळं येतात ना. त्या महिन्यात शहाणी माणसं जात नाहीत."

"सप्टेंबरच धर."

बदरुद्दीननं चष्म्यावरून बघितलं. तो थापाड्या होता, आंधळा नव्हता. "साहेब, लेकीच्या घरी जायला कोण सीझन बघतो का? डिसेंबरात जा, मी हप्त्यानं देतो."

"मी फिरायला चाललोय," सुभाष म्हणाला. "स्वस्तात मिळतंय म्हणून चाललोय."

तर असं होतं ते. पैसे त्याच्याकडे होते, डिसेंबरचे काय, दोन डिसेंबरांचे होते. पण आठ वर्षं ज्या दाराकडे पाठ केली त्या दारात नुसतंच कसं जाऊन उभं राहणार? स्वस्त तिकीट मिळालं म्हणून गेलो, वाटेत घर लागलं म्हणून डोकावलो, असं म्हणता आलं तर मान ताठ ठेवून जाता येईल, असा त्याचा हिशेब.

मात्र फहाहीलमध्ये 'स्वस्त' हा शब्द मोठ्यानं उच्चारणं म्हणजे लग्नाच्या मांडवात श्रीखंडाचं पातेलं उघडं टाकण्यासारखं. तिसऱ्याच दिवशी विजयकुमार आणि लीना दारात हजर. विजयकुमार बँकेत, पुण्याचा, खैरनारांचा वीस वर्षांचा शेजारी.

"सुभाषराव, आम्ही पण येतो!"

"कुठं?"

"कुठं काय? कॅरिबियन! लीना म्हणाली, एवढ्या पैशात तर गोव्यालासुद्धा होत नाही."

"मी असं नाही म्हणाले," लीना म्हणाली. "मी म्हणाले, उल्कावहिनींना सोबत होईल. आणि मी मेथीचे ठेपले करून घेते, आठ दिवस टिकतात."

उल्कानं नवऱ्याकडे बघितलं. नाही म्हणा, असं तिचे डोळे म्हणत होते. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण सोडून बाकी सगळी कारणं सुभाषनं आधीच वापरून टाकली होती.

"या की," तो म्हणाला.

मग आठवडाभर रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तो तक्ता करू लागला, आणि विजयकुमार शेजारी खुर्ची ओढून, शेंगदाणे खात, स्क्रीनमध्ये नाक खुपसून बसू लागला. सहा दिवस, चाळीस ओळी. पहाटेचं विमान, गेस्ट हाउस, काळ्या वाळूचा किनारा, निरफणसाचं जुनं झाड असलेली बाग, होडी, ठेपले, व्हॅन. वादळ आलं तर काय करायचं याच्या तीन वेगळ्या ओळी. हे सगळं तो सकाळचं टाकत होता. सहाच्या सहा दुपारी त्यानं कोऱ्या ठेवल्या होत्या.

"अहो, दुपारी काय?" विजयकुमारनं विचारलं.

"ऊन असतं."

"कुवेतवाल्याला उन्हाचं काय सांगता!"

सुभाष तक्त्यात खाली गेला. चाळीस ओळींच्या खाली कर्सर लुकलुकत होता. त्याच्या धंद्यात एक रीत होती. ज्या कामाची परवानगी आपल्या हातात नसते, त्याला तारीख घालत नाहीत. ते तळाला ठेवतात आणि वर त्याच्यासाठी मोकळी जागा राखतात, जेवढं काम मोठं तेवढी जागा जास्त. सहा दुपारी. यापूर्वी एवढी जागा त्यानं कुठल्याच कामाला दिली नव्हती. त्यानं टाइप केलं: ४१. ज्ञानदा.

शेंगदाणे चावण्याचा आवाज थांबला.

"अच्छा," विजयकुमार हळूच म्हणाला. "जायचंय वाटतं तिकडे."

सुभाषच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "गावातच आहे तर... उल्काची इच्छा." आणि बोटं आपोआप पुढं गेली. संध्याकाळी ४ ते ६. आणि मग, शेजारचा माणूस अजून बघतोय म्हणून, पुढच्या रकान्यात: वेळ उरल्यास.

हे पुसता आलं असतं. विजयकुमार घरी गेल्यावर सुभाष अर्धा तास त्या दोन शब्दांकडे बघत बसला होता. पण पुसलं तर विजयकुमार उद्या विचारणार, ते कुठं गेलं? राहू दे, त्यानं ठरवलं. तक्ता वाचणाऱ्याला कळतं.

आणि मग त्यानं जे केलं ते त्याच्याशिवाय जगाच्या पाठीवर दुसरा कुठलाही बाप करणार नाही. रिफायनरीत तक्ता पक्का करण्याआधी ज्यांचा ज्यांचा संबंध असेल त्या सगळ्यांना पाठवतात. दोन दिवस मुदत. ज्याला हरकत असेल त्यानं शेऱ्याच्या रकान्यात लिहावी. शेरा आला नाही म्हणजे संमती. सुभाषनं तो तक्ता ई-मेलला जोडला. विजयकुमार, लीना, उल्का. चौथ्या नावाशी तो थांबला. ज्ञानदाचा पत्ता त्याला पाठ होता. तिच्या पहिल्या वर्षाला त्यानंच तो काढून दिला होता. मजकूर त्यानं नेहमीचाच ठेवला: सोबत जोडलेला कार्यक्रम पाहून दोन दिवसांत शेरे कळवावेत.

आठ वर्षांनंतर मुलीला गेलेलं पहिलं अक्षर ते हे.

"तुम्ही काय केलंत?" उल्का दुसऱ्या दिवशी हातात फोन घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "अहो, तिला सर्क्युलर पाठवलंत?"

"नाही म्हणायची सोय ठेवली तिला. गप्प बसली तरी चालेल."

"आणि तिनं गप्प बसायचं नाही असं ठरवलं तर?"

त्या दोन दिवसांत त्यानं इनबॉक्स इतक्या वेळा उघडला की ऑफिसातला हमीद, जो त्याच्या शेजारच्या टेबलाला गेली दहा वर्षं बसत होता, म्हणाला, "खैरनारभाई, लॉटरी लगी है क्या?"

विजयकुमारचा शेरा आला, तिसऱ्या दिवशी दुपारचं जेवण अर्धा तास अलीकडे घ्यावं. लीनाचा आला, भाजी मिळते का बघावं. आणि दुसऱ्या दिवशी, मुदत संपायला तास उरला असताना, ज्ञानदाचा.

तिनं आख्खा तक्ता भरला होता. ओळ सात: बार्बाडोसला सामान पुन्हा ताब्यात घ्यावं लागतं, एवढा वेळ पुरणार नाही. ओळ सतरा: रविवारी व्हॅन जवळजवळ नसतात. ओळ बावीस: या किनाऱ्याला ओढ आहे, आईला पाण्यात उतरू देऊ नये. ओळ एकोणतीस: पावसात ही वाट निसरडी होते, बाबांचा उजवा गुडघा. सुभाष एकेक ओळ वाचत खाली गेला आणि त्याला वाटायला लागलं की छातीवरचा एखादा जुना, गंजलेला बोल्ट कुणीतरी पाव फेरा सैल केलाय.

मग ओळ एक्केचाळीस आली.

'काम मागणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही. वेळ उरणार नाही. ओळ काढून टाकावी.'

त्यानं लॅपटॉप मिटला. परत उघडला. शेरा तिथंच होता. उल्का बाहेर भाजी आणायला गेली होती. त्यानं फोन उचलला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तो नंबर लावला.

"हॅलो?"

"ज्ञानदा."

पलीकडे कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. "बोला, बाबा."

"शेरा वाचला."

"हं."

"ते 'वेळ उरल्यास' जे आहे ना, ते तसं नाहीये. ज्याची परवानगी दुसऱ्याच्या हातात असते ते काम तळाला ठेवतात. तू वर बघ. दुपारी बघ. सहाच्या सहा—"

"बघितल्या. तुमचीच मुलगी आहे, तक्ता वाचता येतो मला. माझ्या दहावीचा अजून पाठ आहे."

"मग?"

"मग काय? तुम्ही मला विचारलंच नाही. मोकळ्या जागा सोडल्यात, आणि मी आपण होऊन त्यात येऊन बसायचं."

"विचारायचंच होतं गं. पण तो विजय शेजारी बसला होता..."

ती हसली. वाईट हसली. "आठ वर्षं विजयकाका शेजारी बसले होते का?"

सुभाषनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राख पडत होती तेव्हा," ती म्हणाली, "अंतरा दहा महिन्यांची होती. ओल्या फडक्यानं तिचं तोंड झाकून मी दार बंद करून बसले होते. आईचा रोज फोन यायचा. मी रोज विचारायचे, बाबा आहेत का गं जवळ? ती म्हणायची, आंघोळीला गेलेत. अकरा दिवस, बाबा. अकरा दिवस आंघोळ?"

"मी दाराआड होतो."

"काय?"

"स्वयंपाकघराच्या दाराआड उभा असायचो. सगळं ऐकत होतो. वाऱ्याची दिशा मला तुझ्याआधी कळायची. तेरा तारखेला वारा फिरला, तेव्हा मी..." त्याला पुढं सांगता येईना की त्या दिवशी तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडला होता. "मी बघत होतो."

"दाराआडून मला काय दिसणार, बाबा?"

कुत्रं भुंकायचं थांबलं होतं.

"या म्हणायला माझी जीभ रेटत नाही," ती हळू म्हणाली. "राग आता तेवढा नाही राहिला. पण तुम्ही इथं याल, आणि तो तुमचं स्वागत करेल. तो तसाच आहे. तुम्हाला बाग दाखवील, खुर्ची देईल. आणि तुम्ही त्याच्या खुर्चीत बसून त्याला 'तो' म्हणाल. ते मला बघवणार नाही."

"मी कशाला त्याला—"

"त्याला नाव आहे."

होतं. सुभाषला ठाऊक होतं. ते नाव तो मनात हजार वेळा म्हणाला होता, शिव्यांसकट आणि शिव्यांशिवाय. पण ओठांवरून ते एकदाही बाहेर पडलं नव्हतं, आणि न वापरलेल्या झडपेचं होतं तसं ते जागच्या जागी घट्ट बसलं होतं. त्यानं तोंड उघडलं. प्लॅनर माणूस, सेकंद मोजायची सवय. चार गेले, सात गेले, नऊ गेले.

"आईला पाठवा," ज्ञानदा म्हणाली. "एकटीला. महिनाभर ठेवून घेईन." आणि फोन बंद झाला. दहाव्या की अकराव्या सेकंदाला, मोकळ्या फोनमध्ये, सुभाष म्हणाला, "डेझमंड."

उल्का भाजीच्या पिशव्या घेऊन आली तेव्हा तो तसाच बसला होता. त्यानं सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. त्याला गाळता येत नसे. ती ऐकत भेंडी पुसत राहिली. मग फडकं टेबलावर आपटून म्हणाली, "मी नाही जाणार एकटी. जन्मभर तुमच्या दोघांच्या मधली तार झालेय मी. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. मला पण कुणीतरी धरून न्या की एकदा!"

"तू जा."

"आणि तुम्ही?"

"मला सुट्टी मिळणार नाही."

"मिळालीय तुम्हाला सुट्टी! कंपनीचं देशाबाहेर जायचं परमिटसुद्धा आलंय, मी बघितलं!"

"रद्द करतो," सुभाष म्हणाला, आणि तेव्हा उल्काच्या लक्षात आलं की हा माणूस खोटं बोलायचासुद्धा आळस करतोय, म्हणजे आत काहीच शिल्लक राहिलेलं नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

विजयकुमार आणि लीना आपण होऊन मागं सरले. विजयकुमार दारात येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "सुभाषराव, आपण गोव्यालाच जाऊ मार्चनंतर," आणि लीनानं त्याला दंडाला धरून घरी नेलं. ठेपले मात्र तिनं केले. उल्काच्या बॅगेत बांधून दिले.

बदरुद्दीनकडे जाऊन सुभाषनं स्वतःचं तिकीट रद्द केलं आणि उल्काचं बदललं. "महिन्याचं कर. आणि वाटेत मुक्काम कमी असलेलं दे, तिला एकटीला बसायला लागेल. महाग पडलं तरी चालेल."

बदरुद्दीनकडे त्या दिवशी एकही थाप नव्हती. त्यानं मुकाट्यानं तिकीट काढलं आणि चहा मागवला.

जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना सुभाष बाजारातून एक पिशवी घेऊन आला. अंतरासाठी रंगपेटी, ज्ञानदासाठी काहीच नाही, कारण तीन दुकानं फिरून तिला काय आवडतं हे त्याला आठवलं नव्हतं. "एक शर्ट घ्यायचा होता," तो म्हणाला. "मापच माहीत नाही."

"कुणाचं?" उल्का म्हणाली. कळत असूनही म्हणाली. घडी घालता घालता थांबून, त्याच्याकडे बघत राहिली.

"डेझमंडचं."

"एक्सेल," ती म्हणाली आणि पटकन कपाटाकडे वळली.

विमानतळावर तो तिला बाराव्यांदा सांगत होता, लंडनला कुठून वळायचं, बार्बाडोसला सामान घ्यायचं, छोट्या विमानात हादरे बसतात तेव्हा घाबरायचं नाही, दुपारी तीनला तिथं सर येते आणि वीस मिनिटांत जाते, ओढीच्या पाण्यात उतरायचं नाही. त्या बेटावरची प्रत्येक वाट त्याला पाठ होती. उल्का हं हं करत होती. आत जायची वेळ झाली तेव्हा तिनं विचारलं, "तिला काय सांगू?"

त्यानं विचार केला. रांग पुढं सरकली, मागच्या माणसानं ट्रॉली ढकलली.

"पोचलीस की फोन कर," तो म्हणाला.

पोचल्याचा फोन आला, तो अर्ध्या मिनिटाचा. दुसरा आला शनिवारी, फहाहीलला संध्याकाळचे पाच वाजले होते आणि तिकडे सकाळचे दहा.

"अहो, पाऊस पडतोय इथं. तुम्ही म्हणालात तीनला, हा सकाळीच आला. अंतरा माझ्याशी मराठीत भांडते. शर्ट बरोबर बसला." मग आवाज खाली आणून, "ती आत आहे. देऊ का?" आणि फोनवर हात ठेवल्यासारखा दबका आवाज, "ज्ञानदा, अगं बाबा..." आणि लांबून, भांड्यांच्या आवाजातून, "नंतर, आई."

"राहू दे," सुभाष घाईघाईनं म्हणाला. "कामात असेल. उल्का..."

"काय?"

"फोन ठेवू नकोस. तसाच टेबलावर ठेव. तू तुझं काम कर."

खट असा आवाज झाला, फोन लाकडावर ठेवल्याचा. सुभाषनं आपला फोन कानाशी दाबून धरला आणि खुर्चीत ताठ बसला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. कुणीतरी अनवाणी पळत गेलं. एक जाड, सावकाश पुरुषी आवाज इंग्रजीत छत्री कुठं आहे विचारत होता. अंतरा म्हणाली, "आज्जी, नो, नो, असं नाही, मोठा आधी!" कुकरची शिट्टी झाली. ज्ञानदा कशालातरी ओरडली, मग कशालातरी हसली, आणि ते हसणं तिच्या बारावीच्या वर्षातलं होतं, जसंच्या तसं. सुभाषनं एसी बंद केला, घरघर मध्ये येते म्हणून. घामानं शर्ट भिजला. तो हलला नाही.

चाळीस मिनिटांनी पावलं जवळ आली.

"आई, हा फोन चालू आहे का?"

"असू दे गं," उल्का लांबून म्हणाली.

पावलं टेबलाशी थांबली. सुभाषनं श्वास धरला. फोन उचलल्याची खरखर झाली, आणि मग कानात, इतक्या जवळ की त्याला वाटलं ती खुर्चीच्या मागंच उभी आहे, तिचा आवाज.

"बाबा, मी हॉस्पिटलला निघतेय. फोन बंद करते."

"हो," तो म्हणाला. "हो, हो. जा तू. भिजू नकोस."

तिनं फोन बंद केला नाही. पाऊस वाजत होता, तिचा श्वास येत होता. सुभाषनं मोजलं नाही. मग पलीकडून मोटारीचा हॉर्न झाला आणि फोन बंद पडला.

तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. उठून त्यानं एसी लावला. बाल्कनीत कपडे केव्हाचे वाळून कडक झाले होते. उल्का नसली की ते काम त्याचंच होतं. दार उघडल्यावर भट्टीसारखी हवा तोंडावर आली. तो एकेक चिमटा काढत गेला, उल्काचा गाऊन, स्वतःचे दोन शर्ट, एक टॉवेल, आणि सगळं छातीशी गोळा करून, घडी न घालताच, आत घेऊन आला.